पातळ जागा

आयकिलेच्या इस्पितळात इकोचं यंत्र
मंगळवारी आणि शुक्रवारीच येतं,
बटाट्यांच्या ट्रकमध्ये, घोंगडीत गुंडाळून.
मी जेल आधी तळहातावर घेते.
इथली सकाळ उघड्या छातीला झोंबते.

आज तेओफिलो. चारांगो बनवणारा.
साठी उलटलेली, नखांत सरसाचा पिवळेपणा.
काय होतंय?
"काही नाही," म्हणतो, आणि मग थांबत नाही.
रंधा मारता मारता घेरी आली,
भुशात पडलो, डोळे उघडले तर मांजर तोंडापाशी.
दोनदा. नाही, तीनदा;
तिसऱ्या वेळचं बायकोला कळू देऊ नका.
रात्री छातीत मासा उलटतो.
संध्याकाळी बुटांच्या नाड्या सैल कराव्या लागतात.

मी नडगी अंगठ्याने दाबते.
खळगा पडतो,
आणि भरून यायची घाई करत नाही.

लहानपणचं घर?
"मातीच्या विटा. वर गवत."
पुढचं विचारावं लागत नाही.
भिंतीच्या भेगेत कोण राहायचं,
दिवा मालवला की कोण खाली उतरायचं
आणि जाग न आणता गालाशी कोण प्यायचं
हे या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगेल.
विंचुका. त्याची आई तिला चपलेने मारायची.
भिंतीवर डाग राहायचे.
"आमचंच रक्त ते," तो हसतो,
"घराला दिलेलं."

मग चाळीस वर्षं काही नाही.
पोरं होतात, लग्नं होतात, चारांगो विकले जातात.

डाव्या कुशीवर वळा. हात डोक्याखाली.
दोन बरगड्यांमध्ये फट सापडते.
पडदा काळा, करडा, मग
चार खोल्या, आपापली दारं आपटणाऱ्या.
झडपा बऱ्या आहेत. रक्त थोडंच मागे फिरतंय.
वरची भिंत आवळते, अजून दम आहे तिच्यात.
इथे पुष्कळांचे हात थांबतात,
बाहेर रांग असते.
पण मला शिकवणाऱ्या डॉक्टर सेनोबिया म्हणायच्या,
टोक बघितल्याशिवाय
इथल्या माणसाला घरी पाठवू नकोस.

मी खाली सरकते. आणखी खाली.
सगळी भिंत आत येते
तेव्हा एवढीच जागा बाहेर जाते.
पेराएवढी पिशवी.
आत रक्त धुरासारखं फिरतंय, संथ.
गुठळी?
कोन बदलते. श्वास सोडा. तसेच थांबा.
नाही. आज तरी नाही.

"हे जास्त तासलं गेलंय,"
तो मान वळवून पडद्याकडे बघत म्हणतो.
मी काही बोललेच नव्हते.
"पाठ कोरताना होतं असं. हात एकाच जागी रेंगाळतो.
टिचकी मारली की कळतं.
तडा तिथूनच जातो."
थोड्या वेळाने: "आतून पट्टी चिकटवतात का?"

नाही चिकटवत, काका. गोळ्या आहेत.
कोचाबांबाला जावं लागेल.
कदाचित ते कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतील.
"ते वाजतं?"
वाजत नाही. ताल चुकला की झटका देतं.
"म्हणजे माझ्या उस्तादासारखं."
आणि हसताना त्याला खोकला येतो,
पडद्यावरची चारही दारं धुक्यात जातात.

मी लिहिते: टोकाशी फुगवटा. भिंत पातळ.
गुठळी दिसली नाही.
'आज' हा शब्द अहवालात लिहीत नाहीत,
मी लिहिते.

तो शर्टाची बटणं लावतो, एक चुकतं, तसंच ठेवतो.
जाता जाता दाराजवळच्या भिंतीवर
बोटाच्या सांध्याने टकटक करून कान देतो.
"सिमेंट," म्हणतो. "मुकी आहे."

साडेचारला ट्रकचा भोंगा.
घोंगडी पसरते, वायर गुंडाळते,
बोटांवर जेल अजून चिकट.
आमचंही घर मातीचंच होतं, नदीपलीकडे.
आमचीही आई चपलेने मारायची.
अकरा वर्षं हे यंत्र माझ्या हातात आहे.
स्वतःवर ठेवून बघायचं म्हटलं
तर डाव्या कुशीवर वळलं की
पडदा पाठीमागे जातो.

ड्रायव्हर पुन्हा भोंगा वाजवतो.
शुक्रवारी परिचारिका ओल्गा असते.
तिला विचारता येईल,
पडदा जरा इकडे फिरवशील का.